मानधन नको, मोबदला द्या!

वाचकहो, फराळाची बशी जरा बाजूला सारा आणि हाती असलेला दिवाळी अंक उलटसुलट करून पाहा. यातला कागद कुणी फुकट दिलेला नाही. छापखानेवाल्याने आपले बिल लावले आहे. बांधणीवाल्याने नगावर पैसे घेतले आहेत. मुखपृष्ठावरच्या चित्राचा दर आधी ठरला होता. टेम्पोवाला भाडे घेतल्याशिवाय गठ्ठे हलवत नाही आणि विक्रेता आपले कमिशन कापूनच पैसे पाठवतो. आता राहिला तो मजकूर! ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो लिहिणाऱ्याला काय मिळते? बहुतेक ठिकाणी त्याला अंकाची एक प्रत मिळते, ‘आपला लेख वाचकांना फार आवडला’ असे एक गोड पत्र मिळते आणि होळीच्या सुमारास, आठवण करून दिल्यास, एक लहानसा धनादेश मिळतो. त्या धनादेशाचे नाव मानधन.

माझे भांडण या शब्दाशी आहे. मान आणि धन अशा दोन चांगल्या शब्दांचे लग्न लावून कुणी हा शब्द घडवला, ते देव जाणे. पण व्यवहारात त्यातला मान लेखकाला मिळतो आणि धन देणाऱ्याच्या तिजोरीत राहते. सुताराला आपण मानधन देत नाही. डॉक्टरला देत नाही. घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला ‘आपले मानधन काय द्यावे?’ असे विचारून पाहा. तो तुमच्याकडे संशयाने पाहील. त्याला मजुरी हवी असते आणि ती मागताना त्याची मान खाली जात नाही. लेखकाने मात्र दर विचारला, की समोरचा असा काही चेहरा करतो, की जणू देवळाच्या गाभाऱ्यात कुणी चपला घालून आला! शब्द बदलल्याशिवाय हा चेहरा बदलणार नाही. म्हणून माझी पहिली मागणी अशी: मानधन नको, मोबदला द्या.

या मागणीला आडवे येणारे लोक दोन प्रकारचे आहेत. पहिले साधनावादी. त्यांचे म्हणणे, सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत. लेखन ही साधना आहे, तिचा बाजार मांडू नये. हे बोलणारे गृहस्थ बहुधा महिन्याच्या महिन्याला पगार किंवा निवृत्तिवेतन घेणारे असतात, हा योगायोग नव्हे. ते तुकोबांचे नाव घेतात. तुकोबांनी अभंग विकले नाहीत, हे खरे. पण तुकोबांच्या अभंगांच्या दोन्ही बाजूंना साडीच्या आणि बिल्डरच्या जाहिराती छापून कुणी त्यांची किंमतही लावली नव्हती. जिथे दुसरा कुणी माझ्या ओळींवर धंदा करतो, तिथे मी एकट्यानेच साधना का करावी? आपली परंपराही इतकी सोवळी नाही. शाहिराला बिदागी मिळे, कीर्तनकाराला मिळे, गवयाला मिळे. आणि कमी मिळाली तर शाहीर फडावरच तसे ऐकवायला कचरत नसे. लेखणी हाती आली, तेवढ्यानेच पोट नाहीसे होते काय?

दुसरे आहेत उडीवादी. हे अलीकडचे. त्यांचे व्याख्यान मोबाइलवर दिवसातून दहा वेळा ऐकू येते: ‘नोकरीची बेडी तोडा, मनाचे राजे व्हा, सकाळी चहाच्या कपाशेजारी लॅपटॉप उघडा आणि जगभरातून पैसे मिळवा.’ पुढे एक फी भरण्याची सोय असते. माझा अंदाज असा, की यांतल्या बऱ्याच जणांची कमाई लिहिण्यातून होत नाही. लिहून कमाई कशी करावी, हे शिकवण्यातून होते. साधनावादी तरुणाला उपाशी ठेवतो. उडीवादी त्याला आधी उडी मारायला लावतो आणि मग पाणी किती खोल आहे, हे पाहायला सांगतो. या दोघांपासून आपल्या मुलामुलींना वाचवायचे असेल, तर मराठी लेखक आजवर कसा जगला, हे एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

तो जगला नोकरीवर. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचकांच्या हाती दिली; पण पुण्याच्या आनंदाश्रमाचा कारभार ते पाहतच होते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मुले शिकवीत होते. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक, श्री. ना. पेंडसे मुंबईच्या बेस्टमध्ये, मर्ढेकर आणि व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीवर. आमचे विसाव्या शतकातले कितीतरी मोठे साहित्य कचेरीच्या घड्याळाबाहेरच्या तासांत लिहिले गेले आहे. लेखणीवर संसार ओढणारेही होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या; एवढे लिहावे लागले, यातच व्यवसायाचा हिशेब आला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी चित्रपटांनी चालवली. आजही तसेच आहे. मालिका आणि चित्रपट पैसे देतात, जाहिरात देते. कथा आणि कविता अंकाची प्रत देतात.

यावर साधनावादी म्हणेल, ‘मग बिघडले कुठे? नोकरी करा आणि लिहा!’ बिघडले ते असे. ज्याला दुपारी मोकळी देणारी, निवृत्तिवेतन देणारी नोकरी मिळाली, त्याचेच लिहिणे झाले. ज्याला ती मिळाली नाही, त्याने काय करायचे? अण्णा भाऊ साठ्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत काढली. तिथे राहून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, कथा लिहिल्या, पोवाडे लिहिले. ‘फकिरा’ १९५९ साली आली. त्यांची पुस्तके परभाषांत गेली, त्यांवर चित्रपट निघाले. आणि १९६९ साली ते गेले, तेव्हा दारिद्र्य त्यांच्या सोबतीला होतेच. २००२ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. तिकीट काढणे चांगलेच आहे. पण हयात असलेल्या लेखकाला त्याच्या पानांचा दर देणे त्याहून चांगले आहे. बाईचे तर विचारूच नका. नोकरी नाही, स्वतंत्र खोली नाही, स्वयंपाक आटोपल्यावर जे उरेल ते तिचे. तिच्या किती वह्या रद्दीत गेल्या, याची मोजदाद कोण करणार?

म्हणजे फुकट लेखनाची प्रथा ही त्यागाची प्रथा नाही. ती एक चाळणी आहे. ज्याच्या घरी दुसऱ्या कुणाचा पगार येतो, त्यालाच ती आत सोडते. गिरणीच्या खोलीतला, उसाच्या फडातला, परगावी वसतिगृहात राहून शिकणारा मुलगा वर्षभर फुकट लिहून नाव कमावू शकत नाही; त्याला या महिन्याचे खोलीभाडे द्यायचे असते. आपल्याला सगळ्या मराठी माणसांची भाषा कागदावर हवी असेल, तर कागदावरच्या शब्दाला पैसे मोजावे लागतील. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. पेढे वाटले, ते योग्यच झाले. भाषेला दर्जा मिळाला. आता लिहिणाऱ्याला दर मिळू द्या.

स्वतंत्रपणे लिहिणाऱ्याला इंग्रजीत ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीने रूढ केला. ती १८१९ सालच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. आपला भाला घेऊन, जो पैसे देईल त्याच्यासाठी लढणारा स्वार, असा त्याचा मूळ अर्थ. पण त्यासाठी स्कॉटच्या दारी जायला नको. मराठ्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन येई. शिलेदाराची ऐट निराळी. पण घोडा पडला तर नुकसान त्याचे, चंदी त्याची, नाल त्याचे. म्हणून त्याचा तनखा बारगिराहून अधिक असावा लागे, नाहीतर तो टिकता ना!

आमच्याकडे उलटा न्याय आहे. पगारी लेखकाला कचेरी टेबल देते, वीज देते, आजारपणाची रजा देते, भविष्यनिर्वाह निधी देते आणि वर पगार देते. स्वतंत्र लेखकाला यांतले काही मिळत नाही, आणि दरही पगारदारापेक्षा कमी! घोडा माझा, चंदी माझी, लढाई तुमची, आणि शेवटी हाती नारळ आणि शाल. जो तरुण या व्यवसायात उतरतो आहे, त्याने पहिल्याच दिवशी हा हिशेब मांडावा. आपल्या एका दिवसाचा खर्च किती? त्यात खोलीभाडे, वीज, पुस्तके, प्रवास, औषधपाणी आणि म्हातारपणासाठीची बचत धरावी. महिन्यात प्रत्यक्ष लिहिण्याचे, पैसे मिळवून देणारे दिवस किती? तीस नव्हेत, पंधरा धरले तरी पुष्कळ. उरलेले दिवस काम शोधण्यात, वाचण्यात, फेऱ्या मारण्यात आणि थकलेली बिले वसूल करण्यात जातात. महिन्याच्या खर्चाला पंधराने भागून जो आकडा येईल, तो त्याच्या दिवसाचा किमान दर. त्याखाली घेतलेले काम हा व्यवसाय नव्हे, दान आहे. दान जरूर करावे. पण ते कुणाला आणि किती, हे आपण ठरवावे.

उडी घेऊ नये, हेही याच हिशेबातून निघते. रत्नाकर मतकरी बँकेत नोकरी करीत होते. त्या काळातच त्यांची नाटके आणि बालनाट्ये उभी राहिली, वाचक-प्रेक्षक तयार झाले. पूर्णवेळ लेखक ते १९७८ नंतर झाले. आधी घोडा धष्टपुष्ट केला आणि मग पागा सोडली. यात भित्रेपणा नाही, शहाणपणा आहे. नोकरी असताना रात्री दोन तास लिहावे. वर्षभराचा खर्च गाठीला बांधावा. केवळ कथा-कवितेवर विसंबू नये. भाषांतर, मुलाखती, शब्दांकन, मुद्रितशोधन, माहितीपटांच्या संहिता, श्राव्य पुस्तकांचे लेखन ही सगळी लेखणीचीच कामे आहेत आणि त्यांतले एकही हलके नाही. मुद्रिते तपासता तपासता ज्याचा ऱ्हस्व-दीर्घ पक्का झाला, त्याची कथाही सुधारते, असा माझा विश्वास आहे.

आता कायद्याकडे वळू. दिवाळीत कायदा कशाला, असे म्हणू नका. चकलीलाही काटे असतात. आपला स्वामित्वहक्क कायदा १९५७ सालचा आहे. जो नोकरीत नाही, त्याने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतः, असे हा कायदा सांगतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारत, असे धरले जाते. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत आणि करारात तशी वेगळी तरतूद नसेल, तर ते लेखकाकडे परत येतात. लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटासाठी लिहिणाऱ्या लेखकाला चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातूनही वाटा मिळावा, अशी सोय झाली. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत जोर लावला होता. एवढे सगळे कायद्याने दिले आहे. आणि आमचा होतकरू लेखक ‘सर्व प्रकारचे हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे’ अशा ओळीखाली दोनशे-चारशे रुपयांच्या आनंदात सही ठोकतो! आजोबांनी घेतलेले शेत विकताना आपण सात-बारा दहा वेळा वाचतो. स्वतःच्या कादंबरीचा सात-बारा एकदा तरी वाचा.

संपादकांची बाजूही ऐकली पाहिजे. नाहीतर या अंकात लिहून त्यांच्यावर तोंडसुख घेणे बरे दिसणार नाही. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरावर वर्षे ही परंपरा चालू आहे आणि ती चालवणारे बहुतेक लोक सावकार नाहीत. कागद महागतो, जाहिराती आटतात, अंकाचा खर्च निघताना नाकीनऊ येतात. मान्य! जो संपादक खरोखरच अडचणीत आहे, त्याने लेख मागतानाच सांगावे: इतके देऊ शकतो, अमुक तारखेला देऊ, पुढचे सर्व हक्क तुमचे. एवढे स्पष्ट सांगितले, तर थोड्या पैशांत आनंदाने लिहिणारे पुष्कळ भेटतील. थोडे देणे हा गुन्हा नाही. किती देणार ते न सांगणे, कधी देणार ते न सांगणे आणि विचारणाऱ्याला लोभी ठरवणे, हा गुन्हा आहे. मुखपृष्ठाचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत आणि लेखकांचा ‘उरल्यास’ या सदरात, हे गणित मात्र मी कधीच मान्य करणार नाही.

आणखी एक आक्षेप नवा आहे. ‘आता यंत्रच लिहिते, मग लेखकाला कशाला पैसे द्यायचे?’ २०२२ च्या अखेरीपासून चॅटजीपीटीसारखी साधने आली आणि ती क्षणात पानभर मजकूर देतात, हे खरे आहे. ज्यांचे लेखन चार ठिकाणचे उचलून पाचव्या ठिकाणी लावण्यापुरतेच होते, त्यांच्या पोटावर पाय आला, हेही खरे. पण आंबेगाव तालुक्यातल्या हिरडा गोळा करणाऱ्या बाईच्या ओट्यावर बसून तिला यंदा काय भाव मिळाला, हे विचारायला यंत्र जात नाही. एसटीने तिथे लेखकच जातो. जे चालत जाऊन आणावे लागते, कान देऊन ऐकावे लागते आणि ज्याच्या खरेपणाबद्दल कुणाला तरी जबाबदार धरता येते, तेच पुढे विकले जाईल. म्हणून नव्या लेखकाला माझे सांगणे, घरात बसून शब्द वाढवू नकोस. बाहेर पड आणि मजकूर आण. त्या फेरीचे एसटीभाडेही बिलात लाव.

राहिले आपण घरचे लोक. वधूवरांच्या बैठकीत ‘मुलगा लिहितो’ असे सांगितले, की ‘ते छान, पण करतो काय?’ हा प्रश्न ठेवलेलाच. मुलगी घरी बसून भाषांतर करीत असेल, तर गॅसवाल्याला दार तिने उघडायचे, कुरियर तिने घ्यायचे, आत्याबाई आल्या तर चहा तिने टाकायचा. कारण ‘ती घरीच तर असते!’ अहो, ती घरी नसते. ती कामावर असते. तिच्या खोलीचे दार दोन तास बंद राहिले तर घर बुडत नाही. आईवडिलांनी मुलाला ‘लेखक होऊ नको’ असेही सांगू नये आणि ‘तुझ्या मनाला येईल ते कर’ असेही सोडून देऊ नये. त्यांनी विचारावे: या महिन्यात किती लिहिलेस, किती बिले पाठवलीस, किती आली? दुकान काढणाऱ्या मुलाला आपण हेच विचारतो ना? तोच आदर लेखकालाही द्या.

आणि वाचक म्हणून एक कर्तव्य उरतेच. वाचनालयातून अंक आणणे चांगले. एकाच अंकावर पन्नास घरे वाचतात, ही मराठी घरांची मोठी शोभा आहे. पण वर्षातून एक अंक, एक पुस्तक स्वतःच्या पैशाने घ्या. शेवचिवड्याच्या एका मोठ्या पुड्याहून ते फारसे महाग नसते. व्हॉट्सॲपवर आलेले अख्खे पुस्तक पुढे ढकलताना क्षणभर थांबा. ते पुस्तक म्हणजे कुणाची तरी दोन वर्षे आहेत. आणि लेख पुढे पाठवायचाच असेल, तर लेखकाचे नाव पुसू नका. नाव त्याचेच राहावे, हाही कायद्याने दिलेला हक्क आहे.

नव्या लेखका, शेवटचा शब्द तुझ्यासाठी. भीड हे तुझे पहिले नुकसान आहे. लेख मान्य होण्याआधी दर विचार. लेखाबरोबर तारीख घालून बिल पाठव. तीस दिवसांनी सौम्य शब्दांत आठवण दे, साठ दिवसांनी स्पष्ट शब्दांत दे आणि नव्वद दिवसांनी त्या दारात पुन्हा जाऊ नकोस. एकट्याचा आवाज दबतो, म्हणून संघटित हो. मुंबईतल्या चित्रपट-मालिका लेखकांनी आपली संघटना कामगार संघटनांच्या कायद्याखाली नोंदवली आहे. कथा-कादंबरीकारांनी आणि भाषांतरकारांनी तसे का करू नये? लक्ष्मीपूजनाला व्यापारी नवी वही पुढे ठेवतो, तिच्यावर श्री लिहितो आणि मग वर्षभर तिच्यात खरे आकडे मांडतो. त्याला कुणी लोभी म्हणत नाही. यंदा तूही लेखणीशेजारी एक हिशेबाची वही ठेव. तिच्या पहिल्या पानावर कुणाकडून किती येणे आहे, ते लिही. आणि ते येणे वसूल होईपर्यंत पान उलटू नकोस.